अँटिएटमची लढाई बरोबरीत सुटली, मग जाहीरनामा विजयाचा कसा?

शंकेखोर

सध्या मुलीकडे मेरीलँडला आलोय. गेल्या शनिवारी जावईबापूंनी गाडीत घातलं आणि शार्प्सबर्गला नेलं, अमेरिकेच्या यादवी युद्धातलं अँटिएटमचं रणांगण दाखवायला. मी आयुष्यभर गणित शिकवलं. इतिहासाशी संबंध आला तो परीक्षेच्या सुपरव्हिजनपुरता. तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

दिवसभर फिरलो. मक्याचं शेत पाहिलं, ते पांढरं, बिनमनोऱ्याचं डंकर चर्च पाहिलं. गाड्यांच्या चाकांनी झिजून खोल गेलेल्या शेतवाटेत उतरलो, जिला ते 'ब्लडी लेन' म्हणतात. शेजारच्या दगडी मनोऱ्यावर गुडघ्यांची कुरकुर सोसत चढलो. वरून दिसलं काय, तर शेतं. लाकडी कुंपणं, दोन-चार कोठारं, लांबवर निळसर डोंगर. एवढ्याशा जागेत एवढी माणसं मेली हे डोक्यात शिरेना.

फलकावर लिहिलंय, १७ सप्टेंबर १८६२, सुमारे २३,००० 'कॅज्युअल्टीज', तेही एका दिवसात. जावईबापू म्हणाले, तेवढे मेले. खरंच? पुढे लिहिलंय की रणांगणावर निर्णायक विजय कोणाचाच झाला नाही. आणि त्याच्याच खाली, या लढाईमुळे लिंकनने गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. अहो, बरोबरी झाली तर जाहीरनामा कशाच्या जोरावर? पाया कच्चा असताना सिद्धान्त उभा केल्यासारखं वाटतंय.

आणि तो बर्नसाइडचा पूल. खालचा ओढा पाहिला. आमच्या वर्गातल्या पोरांनी पँट वर करून पार केला असता. मग उत्तरेच्या बर्नसाइडची हजारोंची फौज तीन तास पुलापाशीच का अडली?

कोणी समजावेल का?

नकाशेवाला

थोडक्यात सांगतो. संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेचा सेनापती ली पोटोमॅक नदी ओलांडून उत्तरेत घुसला होता. अँटिएटमनंतर त्याला परत जावं लागलं. म्हणून रणांगणावर बरोबरी, पण मोहिमेचा विचार करता उत्तरेचा विजय. अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत रक्तरंजित दिवस हाच, २३,००० मृत्यू. बाकी सगळा कथाविस्तार.

रात्रपाळी

नकाशेवाला, तुमचं पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं चूक. आणि कथाविस्तारातच सगळं आहे हो.

काका, आधी माझी ओळख. मी बारा वर्षं फ्रेडरिकला राहते, शार्प्सबर्गपासून डोंगरापलीकडे. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात परिचारिका आहे, बहुतेक रात्रपाळी. इतिहासाची पदवी वगैरे नाही. पण सुट्टीच्या सकाळी मी या शेतांमधून इतकी चालले आहे की कुठल्या कुंपणाला कुठे चिखल असतो ते तोंडपाठ आहे.

तुम्ही गणिताचे, म्हणून आकडे घ्या. 'कॅज्युअल्टी' म्हणजे मृत नव्हे. ठार, जखमी आणि बेपत्ता किंवा कैद, असे तिन्ही मिळून. रणांगण सांभाळणारे उद्यानवाले जो हिशेब देतात त्यात दोन्ही बाजू धरून ठार सुमारे ३,६५०, जखमी १७,३००, बेपत्ता-कैद १,७७०. बेरीज २२,७२०. म्हणजे साधारण सहांत एक त्या दिवशी मेला. बाकीचे पाच? माझा सगळा जीव त्या पाचांत अडकलेला आहे. त्यातले कितीतरी पुढच्या आठवड्यांत कोठारांत, चर्चमध्ये, कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या फरशीवर गेले. ते ३,६५० मध्ये मोजलेले नाहीत. जनरल रिचर्डसन जखमी झाला आणि प्राय नावाच्या शेतकऱ्याच्या घरात पडून राहिला. लिंकन ऑक्टोबरात त्याला तिथे भेटूनही गेला. ३ नोव्हेंबरला तो वारला. जनरल होता म्हणून तारीख माहीत आहे.

आता बरोबरीची गोष्ट. ती चार दिवस आधी, माझ्या गावाबाहेर सुरू होते. १३ सप्टेंबरला फ्रेडरिकजवळच्या एका शेतात इंडियानाच्या पलटणीतला कॉर्पोरल मिचेल विसावला होता. गवतात त्याला एक पाकीट सापडलं. आत तीन चिरूट, आणि चिरुटांभोवती गुंडाळलेला कागद म्हणजे लीचा हुकूम क्रमांक १९१! आपली फौज कुठे कुठे वाटून पाठवली आहे, त्याचा अख्खा आराखडा. शत्रूची फौज तुकड्यातुकड्यांत विखुरली आहे हे उत्तरेच्या सेनापतीला आयतं कळलं. मॅक्लेलनने काय करावं? फौज हलवायला दुसरी सकाळ उजाडू दिली. मी कामावर जाताना त्या बाजूने जाते आणि दर वेळी मनातल्या मनात त्याला हाक मारते, अरे ऊठ की.

त्याचा घोळ असा की त्याला लीची फौज नेहमी तिप्पट दिसायची. प्रत्यक्षात १७ तारखेला लीकडे चाळिसेक हजार माणसं, मॅक्लेलनकडे त्याच्या दुप्पट. तीही त्याने एकदम लावली नाहीत. पहाटे उजवीकडून त्याचा सेनानी हूकर मक्यात शिरला. हूकरने नंतर अहवालात लिहिलं की शेताच्या बऱ्याच भागातलं ताट न् ताट सुरीने कापावं तसं कापलं गेलं होतं आणि माणसं रांगेत उभी होती तशीच रांगेत पडली होती. टेक्सासची एक पलटण २२६ जणांनिशी त्या मक्यात गेली आणि १८६ गमावून आली. मग सेजविकची डिव्हिजन, पाच हजारांवर माणसं, पलीकडच्या रानात शिरली आणि तीन बाजूंनी मार खाऊन अर्ध्या तासात बावीसशे हताहत. ते सगळं बरंचसं शांत झाल्यावर मधल्या वाटेवरची झुंज, तुम्ही उतरलात ती. तीही विझल्यावर दुपारी पूल. तीन लढाया एकापाठोपाठ एक, त्यामुळे ली आपली तीच थकलेली माणसं इकडून तिकडे फिरवत राहिला. आणि मॅक्लेलनची राखीव फौज, पोर्टरची माणसं, बहुतांश दिवसभर मागे उभी. बोलावणं आलंच नाही.

१८ तारखेला दोन्ही फौजा दिवसभर समोरासमोर बसून राहिल्या. रात्री ली नदी ओलांडून व्हर्जिनियात गेला. मॅक्लेलनने त्याला जवळपास जाऊच दिलं म्हणा.

आता तुमचा कच्चा पाया. लिंकनने जाहीरनाम्याचा मसुदा मंत्र्यांना २२ जुलैलाच वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड म्हणाला, तत्त्व मान्य, पण आपण सध्या मार खातोय. आत्ता काढलात तर हरणाऱ्या सरकारने शेवटी टाहो फोडला असं दिसेल. एक तरी विजय मिळू दे. लिंकनने कागद बाजूला ठेवला. पुढच्या महिन्यात बुल रनच्या लढाईत उत्तरेचा दुसऱ्यांदा पराभव झाला, मग ली मेरीलँडात घुसला. तेव्हा लिंकनने मनाशी बोलून ठेवलं की ली मेरीलँडबाहेर हाकलला गेला की जाहीरनामा काढायचा. २२ सप्टेंबरच्या बैठकीत त्याने हे मंत्र्यांना सांगितलं, दोन मंत्र्यांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे.

बघा, म्हणजे पैज 'लढाई जिंकली तर' अशी नव्हतीच. 'ली मेरीलँडबाहेर गेला तर' अशी होती. ती अट १८ च्या रात्री पुरी झाली. तुमचा सिद्धान्त ज्या गृहीतकावर उभा होता, ते वेगळंच होतं.

पुलाचं नंतर लिहिते. सकाळचे साडेआठ झालेत, आता झोपते.

दुर्बीण

रात्रपाळी, सुंदर. फोटोंचं राहिलं म्हणून मी भर घालतो.

या लढाईनंतर एक-दोन दिवसांत अलेक्झांडर गार्डनर आणि त्याचा मदतनीस गिब्सन कॅमेरा घेऊन रणांगणावर पोचले. प्रेतं अजून पुरलेली नव्हती. अमेरिकेच्या भूमीवर मेलेले सैनिक असे पडल्या जागी फोटोत येण्याची ही पहिली वेळ. ऑक्टोबरात मॅथ्यू ब्रेडीच्या न्यूयॉर्कमधल्या गॅलरीत ते मांडले आणि दारावर पाटी लावली, 'अँटिएटमचे मृत'. लोक जिने चढून आले, भिंगातून चेहरे बघत राहिले. तोवर युद्ध म्हणजे वर्तमानपत्रातली नावांची यादी होती.

एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या फोटोंतली बहुतेक प्रेतं दक्षिणेच्या सैनिकांची आहेत. रणांगण उत्तरेच्या ताब्यात होतं, त्यांनी आपली माणसं आधी पुरली. कॅमेऱ्यापुढे उरले ते परके.

आडवाटेने

माफ करा, पण जाहीरनाम्याचं हे कौतुक मला कधी झेपलेलं नाही. लिंकनने जिथे त्याची सत्ता चालत नव्हती तिथले गुलाम मुक्त केले आणि जिथे चालत होती तिथले मालकांकडेच ठेवले. बंडखोर राज्यांनाही शंभर दिवसांची मुदत, परत या आणि गुलाम ठेवा. ही मुक्ती की वाटाघाट? तेवीस हजार माणसं पडली आणि निघालं काय, तर एक धमकीपत्र.

शंकेखोर

रात्रपाळी ताई, गृहीतकाचा फटका वर्मी बसला. वर्गात मीच पोरांना हे ऐकवायचो.

पण आडवाटेने यांचा मुद्दाही सुटेना. मेरीलँड तर उत्तरेकडे होतं ना? मग मी जी शेतं पाहिली, तिथे गुलाम होते का? फलकावर शेतकऱ्यांची नावं होती, गुलामांचं काही वाचल्याचं आठवत नाही. आणि पूल राहिलाय.

रात्रपाळी

पूल आधी उरकते, कारण तो सोपा आहे.

काका, पाणी खोल नव्हतंच. अडचण काठांची होती. पलीकडचा काठ तुम्ही पाहिलात, उभं टेकाड आहे. त्यावर झाडांआड आणि एका दगडखाणीत जॉर्जियाचे चार-पाचशे नेमबाज बसलेले. अलीकडचा रस्ता त्यांच्या नजरेसमोर ओढ्याला लागून जातो. पुलाकडे येणारा प्रत्येक जण तेवढा वेळ उघडाच. पूल बारा फूट रुंद. पाण्यातून जायचं तर उतरताना तोल, चढताना हातात बंदूक, काडतुसं भिजायला नकोत, आणि वरून गोळ्या. तरी उतार शोधायला रॉडमनची डिव्हिजन पाठवली होतीच. आधी ठरवलेली जागा कुचकामी निघाली, मग खाली शोधत शोधत दोनेक मैलांवर स्नेव्हलीचा उतार मिळाला. त्यात दुपार झाली. इकडे एकच्या सुमारास न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या दोन पलटणींनी, दोघींचा क्रमांक योगायोगाने ५१, धावत पूल घेतला. मग माणसं आणि दारूगोळा पलीकडे न्यायला आणखी दोन तास. तीनला हल्ला, चारच्या सुमारास लीचा सेनानी ए. पी. हिल नुकत्याच जिंकलेल्या हार्पर्स फेरीहून सतरा मैल तंगडतोड करत नेमका बाजूवर येऊन आदळला. त्याच्या काही माणसांच्या अंगावर तिथे लुटलेले उत्तरेचेच निळे कोट. समोरचा आपला की परका, कळेना. तिथे रॉडमनला गोळी लागली आणि तो पुढे वारला. बर्नसाइडची माणसं परत ओढ्याकडे रेटली गेली.

पुलाच्या कोपऱ्यावरचं सायकॅमोरचं झाड पाहिलंत ना? दुर्बीण यांच्या गार्डनरच्या फोटोत ते रोपटं आहे. तेच झाड.

आता आडवाटेने यांचं. तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं इथल्या फलकांवर पुरेसं नसतं म्हणून मीही चिडते.

काका, होय. त्या शेतांवर गुलाम होते. मेरीलँड हे संघराज्यात राहिलेलं गुलामगिरीचं राज्य. १८६० च्या गणनेत तिथे ८७,००० गुलाम. जाहीरनामा फक्त बंडखोर भागांना लागू होता, कारण राष्ट्राध्यक्षाने तो सेनापती म्हणून युद्धाच्या अधिकारात काढला. एकनिष्ठ राज्यांतली गुलामगिरी एका सहीने मोडायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. त्यामुळे ज्या लढाईमुळे जाहीरनामा निघाला, ती जिथे झाली त्या मातीवरच तो लागू नव्हता. जाहीरनामा अमलात आला त्या १ जानेवारी १८६३ ला शार्प्सबर्गमधला गुलाम सकाळी उठला तो गुलामच. मला हे कळलं तेव्हा मी चार वर्षं त्या शेतांतून हिंडत होते. लाज वाटली.

आणखी एक. लढाईच्या दोन दिवस आधी दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनने हार्पर्स फेरी घेतलं. बारा हजारांवर उत्तरेचे सैनिक शरण आले, हे सगळीकडे छापलेलं असतं. त्या सैनिकांच्या आश्रयाला पळून आलेले शेकडो काळे लोकही तिथे सापडले, बाया-पोरांसह. सैनिकांना पुन्हा न लढण्याच्या वचनावर सोडून दिलं. या लोकांना परत गुलामीत पाठवलं. हताहतांच्या कुठल्याच रकान्यात ते नाहीत.

पण 'धमकीपत्र' म्हणाल तर नाही. त्या कागदाने तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही मागे घेता आल्या नाहीत. उत्तरेची फौज जिथे जिथे पुढे सरकेल तिथे स्वातंत्र्य तिच्याबरोबर सरकू लागलं. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची बेटं आधीच उत्तरेच्या ताब्यात होती, तिथे १ जानेवारीलाच हजारो जण कायद्याने मोकळे झाले. दुसरं, अंतिम जाहीरनाम्यात काळ्यांना सैन्यात घ्यायची तरतूद आली. पावणेदोन लाखांहून अधिक काळे सैनिक भरती झाले. ज्यांना वाटाघाटीतलं प्यादं म्हणावं, ते बंदूक घेऊन उभे राहिले. मग कोण कुणाला परत करणार?

तिसरं इंग्लंड. सप्टेंबरच्या मध्याला पंतप्रधान पामरस्टन आणि परराष्ट्रमंत्री रसेल पत्रांतून हाच खल करत होते की मध्यस्थी करून दक्षिणेला मान्यता द्यावी का. लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडत होत्या. ली परतल्याची बातमी पोचल्यावर पामरस्टन म्हणाला, जरा थांबू. त्यांच्यातलाच एक मंत्री ग्लॅडस्टन याने तरीही ऑक्टोबरात न्यूकॅसलला भाषण ठोकलं की दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने राष्ट्र घडवलं आहे. पण नोव्हेंबरात ब्रिटिश मंत्रिमंडळाने मध्यस्थीचा फ्रेंच प्रस्ताव नाकारला. त्यानंतर गुलामगिरीविरुद्ध उघड उभ्या राहिलेल्या सरकारविरुद्ध जाणं तिथल्या कुठल्याच मंत्र्याला सोपं राहिलं नाही.

आणि मेरीलँडचं पुढे काय झालं, ते काका, खास तुमच्यासाठी. १८६४ च्या ऑक्टोबरात राज्याच्या नव्या घटनेवर मतदान झालं. तिच्यात गुलामगिरी रद्द होती. घरच्या मतपेट्यांत बाजूने २७,५४१, विरोधात २९,५३६. म्हणजे हरली. मग छावण्यांमधून सैनिकांची मतं आली, बाजूने २,६३३, विरोधात २६३. वजाबाकी तुम्ही करा.

शंकेखोर

३७५.

तीनदा करून पाहिली. बाजूने ३०,१७४, विरोधात २९,७९९. एका शाळेत याहून जास्त पोरं असतात.

रात्रपाळी

होय, ३७५. १ नोव्हेंबर १८६४ ला गुलामगिरी गेली. लढाईनंतर दोन वर्षं दीड महिना. आणि तो निकाल सैनिकांच्या मतांनी फिरवला. त्यांतले काही अँटिएटमला लढलेले असणार, मेरीलँडच्या पलटणी तिथे दोन्ही बाजूंना होत्या.

पुढच्या वेळी शार्प्सबर्गला गेलात तर रणांगण सोडून गावातल्या हाय स्ट्रीटवर जा. तिथे टॉल्सन्स चॅपल म्हणून एक इवलंसं लाकडी चर्च आहे. सुटलेल्या लोकांनी १८६६ मध्ये उभं केलं, दोन वर्षांत तिथे शाळा भरू लागली. मोठमोठी स्मारकं पाहून झाल्यावर माणूस तिथे उभा राहिला की दोन पावलं मागे सरतो, कारण रस्ता अरुंद आहे आणि अख्खी इमारत डोळ्यांत मावते.

नकाशेवाला

'मृत्यू' हा माझा शब्द मागे घेतो. सहांत एक हे माहीत नव्हतं.

तुम्ही परिचारिका म्हणून विचारतो. त्या सतरा हजार जखमींचं झालं काय? तेव्हा जंतू वगैरे माहीतच नव्हते ना?

रात्रपाळी

नव्हते. एकच स्पंज, एकाच बादलीतलं पाणी, दहा जखमा. मला आजही वाचताना हात धुवावेसे वाटतात. पण चित्रपटांत दाखवतात तसं दातांत गोळी धरून पाय कापणं हा अपवाद होता. बहुतेक शस्त्रक्रिया क्लोरोफॉर्म किंवा ईथर देऊन होत.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, जोनाथन लेटरमन. उत्तरेच्या 'पोटोमॅकच्या फौजे'चा, म्हणजे मॅक्लेलनच्या फौजेचा, वैद्यकीय प्रमुख. आधी रुग्णगाड्या पुरवठा खात्याच्या ताब्यात असायच्या, हाकणारे भाडोत्री, गोळीबार सुरू झाला की पळायचे. बुल रनला जखमी कित्येक दिवस उन्हात पडून राहिले होते. लेटरमनने ऑगस्टात गाड्या आणि माणसं वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणली. रणांगणाजवळ पट्टी बांधण्याचं ठिकाण, जरा मागे कोठारात शस्त्रक्रिया, आणि हलवण्याजोगे झाले की दूरच्या मोठ्या रुग्णालयात. कोणाला आधी बघायचं हे आल्याबरोबर ठरवायचं. अँटिएटमला ही पद्धत पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर कसाला लागली आणि उत्तरेच्या ताब्यातल्या भागातले जखमी साधारण एका दिवसात उचलले गेले. १८६४ मध्ये तिचा कायदा होऊन ती सगळ्या फौजेला लागू झाली. आमच्या विभागात रात्री दोनला अपघातातले चौघे एकदम येतात, तेव्हा मी दारात उभी राहून जे करते ते तेच. मला त्याचं नाव नोकरीला लागून सहा वर्षांनी कळलं.

क्लारा बार्टनही तिथे होती. स्वतःच्या गाडीत सामान भरून आलेली. ती एका जखमीला पाणी पाजत असताना तिच्या बाहीतून गोळी आरपार गेली आणि तो तिच्या हातातच मेला. तिनेच पुढे १८८१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस काढली.

फ्रेडरिकची चर्चं, शाळा जखमींनी भरून गेली. आणि ज्यांच्या शेतांवर हे झालं त्यांचं कोण बघतो? रूलेट नावाच्या शेतकऱ्याच्या मधमाश्यांची पोळी गोळ्यांनी उलथली आणि पहिल्यांदाच लढाईत आलेली पेनसिल्व्हेनियाची एक पलटण माश्यांपुढे पांगली. यावर सगळे हसतात. शेजारच्या मुम्माचं घर, कोठार दक्षिणेच्या सैनिकांनी जाळलं. त्याने भरपाई मागितली तर उत्तर आलं, आमच्या फौजेने जाळलं असतं तर दिली असती. मुम्मा डंकर पंथाचा, युद्धच न मानणारा. ज्या चर्चभोवती एवढं रण पेटलं, त्याची जमीन त्याच्याच घराण्याने दिलेली.

आडवाटेने

मुद्दा पोचला. 'धमकीपत्र' मागे. 'अर्धवट' ठेवतो.

रात्रपाळी

ठेवा. मीही ठेवते.

शंकेखोर

शेवटचा प्रश्न. मुलगी म्हणते डिसेंबरात तिथे दिवे लावतात. आम्ही जानेवारीपर्यंत आहोत. जावं का?

रात्रपाळी

नक्की. डिसेंबरातला पहिला शनिवार. संपूर्ण रणांगणावर २३,००० दिवे, प्रत्येक हताहतामागे एक. कागदी पिशवी, तळाला वाळू, वर मेणबत्ती. अंधार पडला की गाड्या एकामागे एक आत सोडतात. मोठे दिवे बंद, फक्त पार्किंगचे चालू, थांबायचं नाही. बून्सबरोकडून येणाऱ्या ३४ नंबरच्या रस्त्यावर लांबलचक रांग लागते. गाडीची टाकी भरून या आणि निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन घ्या, हे मी परिचारिका म्हणून सांगते.

मी सकाळी मांडणीला असते. दोऱ्या ताणून रांगा आखलेल्या असतात, त्यावर आम्ही पिशव्या ठेवत जातो. बोलणं आपोआप थांबतं, कुणी सांगावं लागत नाही. पहिल्या वर्षी माझ्या धाकट्याने विचारलं, यातला मेलेला कोणता? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, आणि पिशव्यांवर काही लिहिलेलं नसतं. आता तो दर सहावी पिशवी ठेवताना जरा थांबतो.

गावच्या दफनभूमीत ४,७७६ उत्तरेचे सैनिक आहेत, आसपासच्या इतर लढायांतलेही धरून. त्यांतल्या अठराशेहून अधिक दगडांवर नाव नाही, नुसता आकडा. दक्षिणेच्या मृतांना तिथे जागा मिळाली नाही. ते बरीच वर्षं शेतांतच राहिले, मग १८७० च्या दशकात बरेच जण हेगर्सटाउनला नेले. सगळे सापडले असंही नाही. २००८ मध्ये मक्याच्या शेताजवळ एका फिरायला आलेल्या माणसाला घुशीसारख्या प्राण्याच्या बिळाशी हाडं दिसली. गुंड्या न्यूयॉर्कच्या होत्या. विशीही न गाठलेला पोरगा. पुढच्या वर्षी त्याला न्यूयॉर्कला नेऊन पुरलं. त्याचं नाव अजून लागलेलं नाही.

मांडणीला यायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं, माणसं लागतातच. दिवसभर वाकायचं काम आहे, तेव्हा पिशव्या नातवंडांकडे द्या. मोजणी तुम्ही धरा, आमची दर वर्षी कुठल्या तरी रांगेत चुकते.